हत्यार बदलायची वेळ

"मावशी, राग मानू नका, पण तुमच्या घरात हल्ली कसलातरी कुबट वास येतो."

ढब्बूची आई उंबऱ्यातच थबकून हे बोलली आणि बोलून झाल्यावर स्वतःच ओशाळली. ढब्बू तिच्या कडेवर पेंगत होता. एरवी या दारात आला की खाली उतरण्यासाठी हातपाय झाडणारा हा गुबगुबीत पोरगा आज अगदी मलूल दिसत होता.

"याचं पोट परत बिघडलं होतं," ती पुढं म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, मूल दिवसभर जिथं असतं तिथली भांडी, फडकी, फरशी जरा बघून घ्या. दुसऱ्या दोघींच्या मुलांचंही तेच रडगाणं आहे. तेव्हा शनिवारी दुपारी आम्ही सगळ्याजणी तुमच्याकडं येऊन बोलू म्हणतोय. पुढं काय करायचं ते ठरवायला."

पुढं काय करायचं, याचा अर्थ न समजायला मावशी काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

गल्लीतल्या नोकरी करणाऱ्या आयांची लेकरं मावशींच्या पाळणाघरात वाढत होती. दोन खोल्या, पुढं छोटं अंगण आणि त्याला लागून नवऱ्याची सुतारकामाची शेड, एवढाच त्यांचा पसारा. पण मावशींचं नाव मोठं होतं. मूल रडत आलं तरी हसत घरी जाणार, ही त्यांची ख्याती. आणि आज त्याच घराला वास येतो म्हणे! मावशी दिवसातून तीनदा फरशी पुसत. ओटा तर किती वेळा पुसत याला गणती नव्हती.

शेडमध्ये रंधा मारता मारता मिस्त्रींनी सगळं ऐकलं होतं. गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची, आणि घरातसुद्धा तेच नाव पडलं होतं. ढब्बूची आई वळणावर दिसेनाशी होताच ते आत आले.

"ऐकलंस? लोक आता तोंडावर बोलायला लागले. जरा नीट पुसत जा ना!"

"तीनदा पुसते, अहो."

"तीनदा पुसून वास येतो, तर कसं पुसतेस तू? हात चालवत जा की जोरात."

मावशींनी मोरीच्या कोपऱ्यातून पोछा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला. पोछा म्हणजे मिस्त्रींचा जुना बनियन. कधीकाळी तो पांढरा असेल. आता त्याला राखाडीही म्हणवत नव्हतं.

"नवीन आणा म्हणून कधीपासून सांगतेय तुम्हाला. हा धुतला तरी वास मारतो. आणि झाडूनं केर निघत नाही, उलट..."

"अजून चालतंय की!" मिस्त्रींनी हात झटकला आणि ते शेडकडं निघून गेले.

'अजून चालतंय की!' हे या घरातलं शेवटचं वाक्य असायचं. त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नसे. मिस्त्री कंजूष नव्हते बरं का! बायकोला कधी काही कमी पडू दिलं नव्हतं त्यांनी. पण साफसफाईसाठी म्हणून नवीन वस्तू विकत आणायची, हे त्यांच्या डोक्यातच बसत नसे. केर, धूळ, घाण यांच्यासाठी का कुणी नवीन वस्तू आणतं? घरात जे मोडलं, फाटलं, विटलं, त्याची शेवटची रवानगी साफसफाईकडं व्हायची. फाटकी चादर ओटा पुसायला. बनियन फरशीला. झाडूचे हीर सुटले की मिस्त्री सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधत आणि नवीन आयुष्य दिल्याच्या आनंदात तो बायकोच्या हाती देत. बांधता बांधता तो झाडू इतका बुटका झाला होता की मावशींना दोन खोल्या झाडताना पार वाकून जमिनीला नाक लावायची पाळी यायची. भांड्यांच्या स्पंजचा तर चक्क चुरा पडत होता. आणि संडासाच्या ब्रशचे तंतू चारी बाजूंना असे पिंजारले होते की तो घासायचा कमी, शिंतोडेच जास्त उडवायचा.

मंडळी, हसू नका. आपल्यापैकी किती घरांत मोरीच्या दारामागं याहून वेगळं चित्र आहे?

त्या दिवशी मावशींनी मनाला लावून घेतलं. शनिवारच्या आत घर असं चकाचक करायचं, की कुणाला बोट ठेवायला जागा उरू नये! तोच पोछा घेऊन त्यांनी फरशी पुसली, पिळला, परत पुसली. तोच स्पंज घेऊन भांडी घासली. दुपारी मुलं झोपली की पुन्हा कंबर कसली. पिळून पिळून उजवं मनगट टम्म सुजलं आणि एके सकाळी कपही उचलता येईना. डॉक्टरांनी घट्ट पट्टा बांधला आणि बजावलं, पिळणं, घासणं, उचलणं सगळं काही दिवस बंद.

"आता मेलेच मी!" घरी येताच मावशींनी डोळ्याला पदर लावला. "शनिवार तोंडावर आलाय, आणि मी अशी हात बांधून बसलेय."

मिस्त्रींनी आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

आक्का म्हणजे आख्ख्या घराण्याचा धाक. मोठ्या दवाखान्यात त्या मेट्रन होत्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी आवाज अजून वॉर्डभर पोचेल असा. त्या लगोलग आल्या, पिशवी ठेवली, भावजयीच्या मनगटाकडं बघितलं, मुलांच्या घोळक्यात मांडी ठोकून बसल्या आणि कामाची वाटणी करून मोकळ्या झाल्या.

"वहिनी, तू नुसती पडून राहा. मुलांकडं मी बघते. आणि बाळ्या, केर, फरशी, भांडी तुझ्याकडं."

"माझ्याकडं?" मिस्त्रींना वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "अगं आक्का, शेडमध्ये कपाटाचं काम अर्धवट पडलंय."

"बरं, मग मुलं तू सांभाळ. केर मी काढते."

नेमक्या त्याच क्षणी एका पोरानं भोकाड पसरलं आणि त्याचं बघून आणखी दोघांनी. मिस्त्रींनी मुकाट्यानं झाडू उचलला.

आता एवढं काय अवघड असतं, असं मनाशी म्हणत त्यांनी सुरुवात केली. बुटका झाडू फरशीला टेकवायचा तर कमरेत पुरतं वाकावं लागत होतं. एक खोली निम्मी झाडून होते न होते तोच पाठीतून कळ आली. मागं वळून बघतात तर झाडलेल्या जागेवर हिरांचे तुकडे पसरलेले. ते गोळा करायला पुन्हा झाडलं, तर नवीन तुकडे! आणि बारीक धूळ? ती बिचारी झाडूच्या मधल्या खिंडारातून निवांत निसटून मागं राहत होती.

"आक्का, हा झाडू केर काढतोय का टाकतोय?" ते वैतागून ओरडले.

आक्का नुसत्या हसल्या.

मग पोछा. मिस्त्रींनी तो बादलीत बुडवला, पिळला, आणि त्याच्या वासानं त्यांचंच तोंड वाकडं झालं. फरशी ओली असताना बरी दिसली. वाळली तेव्हा तिच्यावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मातकट फरांटे उठले होते. आणि वास? ढब्बूची आई म्हणाली होती तोच! कोपऱ्यातून नाही, मोरीतून नाही, आत्ताच पुसलेल्या स्वच्छ फरशीतून तो येत होता!

मिस्त्री फरशीवरच फतकल मारून बसले. एकीकडं पाठ बोलत होती, दुसरीकडं मन.

आक्कांनी कडेवरचं मूल भावजयीच्या शेजारी झोपवलं आणि त्या ओट्याशी गेल्या. घासून ठेवलेली स्टीलची थाळी उचलून भावाच्या नाकाखाली धरली.

"वास घे."

"अगं, ही धुतलेली आहे."

"म्हणूनच म्हणते, घे वास."

मिस्त्रींनी वास घेतला आणि झटकन मान मागं केली.

"या स्पंजनं घासली ना? सगळं खरकटं त्या स्पंजच्या पोटात सडत बसलंय. वहिनी साबण लावते, जोर लावते, आणि प्रत्येक थाळीला तीच घाण परत माखते. तिच्या मेहनतीनं घर स्वच्छ होत नाही रे, आहे ती घाण सगळीकडं सारखी वाटली जाते!"

"पण स्पंज पुरता फाटला कुठं होता? अजून..."

"फाटायची वाट कशाला बघायची? मला सांग, तुझा पॉलिशपेपर फाटेपर्यंत वापरतोस तू?"

"छे! गुळगुळीत झाला की फेकतो."

"का? कागद तर अख्खा असतो."

"अगं, घासतच नाही तो! नुसता हात दुखतो आणि लाकडावर काळे डाग उठतात."

"आणि रंध्याचं पातं?"

"बोथट झालं की धार लावतो. झिजून संपलं की नवीन बसवतो. बोथट पात्यानं काम केलं तर लाकूड खराब होतं, शिवाय माणूस जोर जास्त लावतो आणि..."

मिस्त्री बोलता बोलता थांबले. त्यांची नजर बायकोच्या पट्टा बांधलेल्या मनगटावर गेली होती.

"आणि काय? बोल की!" आक्का म्हणाल्या. "आणि हात कापून घेतो, नाहीतर मनगट घालवून बसतो, हो ना? तुझ्या पेटीतली पटाशी तू कुणाला हात लावू देत नाहीस. तेल काय लावतोस, फडक्यात काय गुंडाळतोस! कारण ते तुझं हत्यार. मग हिच्या हातात जे असतं ते काय आहे रे? चिंधी? तुझं ते काम, आणि हिचं ते काय, नशीब? या घरात लेकरं रांगतात, फरशीवरचं उचलून तोंडात घालतात. कपाटाच्या दाराला चरा पडला तर तुझी झोप उडते. आणि या लेकरांच्या पोटाला काय होईल, याचा विचार आला कधी तुझ्या मनात?"

 

"मी कितीदा म्हटलं होतं," मावशी हळूच म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. तो थकवाच मिस्त्रींच्या वर्मी लागला. आजवर बायको 'नवीन आणा' म्हणायची तेव्हा त्यांना तो हट्ट वाटायचा. पोछा कामातून गेलाय हे कुणाला कळणार? जो रोज तो पिळतो त्यालाच ना! आपल्या पात्याची धार गेली का नाही, हे दुसऱ्या कुणी शिकवलेलं त्यांनी एका मिनिटासाठी तरी ऐकून घेतलं असतं का?

"अरे देवा!" ते कपाळावर हात मारून उठले. "चूक हिच्या हाताची नव्हतीच कधी! हत्यार बोथट होतं, आणि ते मी तिच्या गळ्यात मारत होतो! आणि वर तिलाच ओरडत होतो, जोर लाव म्हणून!"

चप्पल पायात सरकवत ते दारापर्यंत गेले आणि तसेच परत फिरले.

"काय काय आणायचं, ते तू सांग," ते बायकोला म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मावशी पहिल्यांदा ऐकत होत्या. पडल्या जागेवरून त्या उठून बसल्या. झाडू दाट हिरांचा हवा आणि उंच हवा. फरशीची फडकी सुती हवीत आणि दोन जोड हवेत, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरं वापरता येईल. ओट्याचं फडकं वेगळ्या रंगाचं, म्हणजे ते चुकूनही खाली जाणार नाही. घासणी लहान चालेल, पण सहज बदलता येईल अशी. त्या बोलत होत्या आणि आक्का प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

मिस्त्री सगळं घेऊन आले, पण तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. कारागीर माणूस तो! शेडमध्ये जाऊन त्यांनी साग निवडला, झाडूला आणि पोछ्याला बायकोच्या उंचीच्या मापानं दांडे केले, हाताला कुसळ लागू नये म्हणून घासून घासून लोण्यासारखे मऊ केले. अंगणात ऊन येतं त्या भिंतीवर खुंट्यांची फळी ठोकली, वापरून धुतलेलं प्रत्येक फडकं पसरून वाळवायला. कपाटाचं गिऱ्हाईक येऊन काम कुठवर आलं विचारू लागलं, तर त्याला म्हणाले, "थांबा जरा, आज घरच्या हत्यारांचं काम चाललंय!"

पाळणाघरातून वास जो गेला तो पुन्हा आलाच नाही.

शनिवारी दुपारी आया आल्या. अंगणात बसल्या, पण बोलायला कुणी तयार होईना. शेवटी ढब्बूची आई उठली, स्वयंपाकघरात डोकावली, ओट्यावरून बोट फिरवलं, परत आली, आणि गोंधळून विचारलं, "मावशी, फिनेल बदललंत का?"

मावशी काही बोलायच्या आत मिस्त्री पुढं झाले. त्यांनी शेडमधून प्लायवुडची एक फळी आणून सगळ्यांसमोर अंगणात ठेवली. फळीवर जुनी मंडळी ओळीनं मांडली होती. ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेला झाडू, बनियनचा पोछा, चुरा पडलेला स्पंज, पिंजारलेला ब्रश.

"ताई, तुमची तक्रार खरी होती," मिस्त्री मान खाली न घालता म्हणाले. "पण दोष हिचा नव्हता. या असल्या हत्यारांनी ही बाई तुमच्या लेकरांसाठी दिवसातून तीनदा झटत होती. ती नवीन मागत होती आणि मी नाही म्हणत होतो. बोलायचं असेल तर मला बोला."

 आक्का म्हणाल्या, "मुलांची पोटं यामुळंच बिघडली असं मी छातीठोक सांगणार नाही. पोटाला शंभर कारणं असतात. पण यातलं एक कारण आपल्या हातात होतं, ते आम्ही दूर केलं."

आणि मग मावशी उठल्या. मनगटाला पट्टा तसाच होता. चार बायकांत बोलायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी शब्द आपोआप आले.

"आता मी एक नियम केलाय. धुऊन, उन्हात वाळवूनही ज्या फडक्याचा वास जात नाही, ते त्या दिवशी घराबाहेर. केर काढताना झाडूच मागं केर टाकायला लागला, की त्याचं काम संपलं. घासणीचा तुकडा निघाला, ती चिकट लागली, की दुसरी. आणि ब्रशचे केस आडवे झाले, की त्याला रजा! ही वेळ झाली का नाही, ते मी ठरवणार. कारण ते माझ्या हातात असतं. माझं घर तुम्ही कधीही येऊन बघा. न सांगता या!"

 ढब्बूची आई एकदम खुदकन हसली.

"मावशी, खरं सांगू? आमच्या सिंकमधला स्पंज या फळीवरच्यापेक्षा काळा आहे!"

"अगं, आमच्या पोछ्याला तर सासूबाईंनी टाके घातलेत!" दुसरी ओरडली.

"आणि आमचा झाडू? त्याला दांडाच उरलाय नुसता!"

हसता हसता सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तक्रार करायला आलेल्या बायका टाळ्या वाजवत होत्या! एकीनंही मूल पाळणाघरातून काढलं नाही. उलट ढब्बूच्या आईनं मावशींचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाली, "मी घराला नाव ठेवलं, पण तुम्ही कशाशी झुंजताय हे विचारलंच नाही. चुकलं माझं."

गोष्ट तिथंच थांबली नाही. ढब्बूची आई बँकेत नोकरीला होती. सोमवारी ती बँकेत गेली तेव्हा तिथं फरशी पुसणाऱ्या बाईंच्या हातातला पोछा तिनं पहिल्यांदा नीट बघितला. एरवी फरशीवर फरांटे दिसले की सगळे त्या बाईंवर डाफरायचे. तिनं सरळ मॅनेजरसाहेबांची केबिन गाठली आणि त्या बाईंना नवीन साधनं मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही. आठवडा उलटायच्या आत बँकेची फरशी आरशासारखी दिसायला लागली. बाई त्याच, हात तेच!

मिस्त्रींकडं उंच दांड्यांसाठी गल्लीतून मागणी सुरू झाली. "कुणाच्या उंचीचा करू?" हा त्यांचा पहिला प्रश्न असे. एका गृहस्थांनी सांगितलं, "बायकोच्या." तर मिस्त्री म्हणाले, "तुमच्याही मापाचा एक करतो, साहेब. घर दोघांचं आहे." आणि ते नुसतं सांगून थांबले नाहीत. मावशींचं मनगट बरं झाल्यावरही सकाळचा केर त्यांनी स्वतःकडंच ठेवला.

पाळणाघरात एवढी मुलं यायला लागली की दोन खोल्या अपुऱ्या पडल्या. मिस्त्रींनी आपल्या शेडचा अर्धा भाग मोकळा केला, भिंतीत दार पाडलं आणि तिसरी खोली तयार झाली. तिची फरशी पहिल्यांदा दोघांनी मिळून पुसली. ढब्बूला आत सोडलं, तर तो त्या लखलखीत फरशीवरून खिदळत सुसाट रांगत सुटला आणि मिस्त्रींच्या पायाला येऊन धडकला. मिस्त्रींनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. आक्का म्हणाल्या, "वहिनी, जिंकलीस बघ!" आणि मावशी मान ताठ करून म्हणाल्या, "हो वन्सं, जिंकले!"

नागरिकहो, स्वच्छतेची भाषणं आपण पुष्कळ ऐकतो. पण घर असो, कचेरी असो वा शाळा, घाण दिसली की आपण आधी झाडणाऱ्या माणसाकडं बोट दाखवतो. त्याच्या हातात आपण काय दिलं आहे, ते बघत नाही. झाडू, पोछा, घासणी, ब्रश ही अडगळ नव्हे, ती कामाची हत्यारं आहेत. त्यांनाही वय असतं, आणि ते सरलं की ती घाण काढत नाहीत, पसरवतात. मेलेल्या हत्यारावर जिवंत माणसाची मेहनत जाळणं ही काटकसर नाही, तो अन्याय आहे!

तेव्हा आज उठा आणि आपल्या मोरीच्या दारामागं जरा डोकावून या. जे दिसेल ते हातात धरा, वास घ्या, दोन हात मारून बघा. मग ते रोज वापरणाऱ्या माणसाला विचारा, आणि तो जे सांगेल ते ऐका!